सोवळ्यातली कुस्ती

...आन् वर म्हणत्यात, टेनिस खेळल्यानं दम वाढतोय. वाढतोय की, कोण न्हाय म्हणतंय? दम वाढतोय, पोट आत जातंय, झोप लागतीया, राग बी उतरतोय, समदं खरं, पर एकाचा दम वाढवायला दुसऱ्या कुणाचा किती दम निघतोय ते कोण इचारत न्हाय. ते बनाबाईला इचारायला पायजे व्हतं. आता ती न्हाय, म्हणून मी सांगते, आन् मधी बोलू नगा, मधी कुणी बोललं की मला परत पहिल्यापासनं सांगायला लागतंय आन् मग तुमीच जांभया देताय.

बनाबाई म्हंजे माझी थोरली आत्ती. महाराजांचं राज व्हतं तवाची गोष्ट. त्या वक्ताला कोल्हापुरात गल्लीगल्लीत तालीम, पोरगं रांगायला लागलं की आई त्येचं दंड चाचपून बघायची. आत्तीचा नवरा केरबा, मुरगूडचा गडी, मिसरूड फुटायच्या आदीच तालमीत येऊन पडलेला. अंग असं, की दारातनं आदी खांदा आत यायचा, मग जरा येळानं केरबा. मैदानात उतरला की माणसं झाडावर चढून बघायची. आन् मग एका कुस्तीत समोरच्यानं टांग मारली, केरबाचा गुडघा एकीकडं फिरला आन् केरबा दुसरीकडं, पाठ मातीला टेकली, बास. वैदूनं गुडघा बसवला, चालाय-फिरायला बरा झाला, पर कुस्तीचा राहिला न्हाय. तालमीतनं वळकटी घेऊन घरला आला.

आता पैलवान कुस्ती सोडतोय, ते एक सोपं हाय. पर कुस्तीचा खुराक त्येला सोडत न्हाय, ते काय करायचं? सकाळी बदाम घोटून थंडाई, दुपारी तुपात बुडालेली भाकरी, कालवणात मटण असंल तर मटण, नसंल तर तोंड फुगलेलं, रात्री दुधाची कासांडी तोंडाला. आदी त्ये सगळं जोर-बैठकांत जिरत व्हतं. आता जिरायचं कुटं? बनाबाई म्हणायची, "अवं, जरा हात आखडता घ्या, आता कुणासंगं लढायचंय तुमास्नी?" तर ह्यो म्हणायचा, "बने, कुस्ती गेली, आता ताटबी काढून घेतीस व्हय? खुराक म्हंजे पैलवानाचा मान असतोय." आता मानापुढं बायकू काय बोलणार? ती बोलायची, न्हाय असं न्हाय, रोज बोलायची. पर ऐकतोय कोण?

त्यात भर म्हणून नोकरी लागली ती राखणीची. शाहूपुरीच्या अंगाला बाळासो इंजनेरांचा बंगला व्हता. बाळासो पुण्यात शिकून आलेलं, डोळ्याला चष्मा, अंगानं ज्वारीचं ताट, वाऱ्यानं हलंल असं. त्येंनी केरबाला बघितलं आन् म्हणालं, "पैलवान, तू नुसता दारात बसलास तरी चोर यायचा नाही." म्हणालं आन् ह्यो बसला. सकाळी बसला की दुपारी उठायचा, ते बी जेवायला. बंगल्याच्या मागच्या खोल्यांत बिऱ्हाड, म्हंजे जेवायलाबी लांब जायला नगो. बघता बघता दंडाची चरबी पोटावर आली, मान गेली, जिना चढला की फाऽस फूऽस, भात्यागत. आन् एक दिवस बनाबाईला मोरीच्या भिंतीला मुंग्यांची रांग दिसली. ही चुना टाकती, मुंग्या परत. ही रॉकेल टाकती, मुंग्या परत. घरात गूळ न्हाय, साखर न्हाय, मुंग्या मोरीत काय खात्यात? मग तिच्या ध्यानात आलं, की साखर केरबाच्या लघवीतच हाय, आन् ती तशीच डोक्यावर पदर घेऊन शमशुद्दीन हकिमाकडं गेली.

हकीम आला. केरबाचा जुना दोस्त, लहानपणी दोघांनी तालमीच्या एकाच हौद्यात माती खाल्लेली. नाडी धरली, डोळं मिटलं. मग म्हणाला, "केरबाभाई, खाणं अर्धं कर."

"न्हाय."

"मग घाम काढ. रोज. अंगावरचा सदरा पिळला पायजे."

"गुडघा हाय ह्यो असा. कुस्ती गेली, घाम कशाचा काढू?"

"कशाचाबी काढ." हकीम उठला आन् दाराशी येऊन बनाबाईला हळूच म्हणाला, "भाभी, माझ्याजवळ चूर्णं हायत, काढं हायत. बसल्या माणसाला उठवायचं औषध न्हाय. ह्यो असाच बसला तर फुडली दिवाळी ह्येची मी धरत न्हाय."

तुमास्नी सांगते, त्या दिवसापासनं बनाबाईचं त्येच्यावरचं ध्यान हललं न्हाय. नवरा थंडाई पितोय आन् ही त्येच्याकडं बघत बसलीया. पहाटं जागी व्हायची, आदी त्येच्या नाकाफुडं हात धरायची. चल म्हणावं फिरायला, तर म्हणायचा, "मी काय गाय हाय, हिंडवून आणायला?" हात जोडून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. पर ऐकतोय कोण?

आन् अशात बाळासोंच्या डोक्यात टेनिस आलं. त्येंची मान धरायची दिवसभर नकाशावर वाकून, डोकं जड, चिडचिड, शिपायावर खेकसायचं. एक दिवस केरबाला म्हणालं, "पुण्यात मी रोज टेनिस खेळायचो. घामाबरोबर डोक्यातला सगळा कचरा निघून जायचा. इथं गंज चढलाय मला. मागच्या जागेत मातीचं मैदान करून ठेव बरं, मी बिद्रीकडं जाऊन येतो." मैदान किती लांब, किती रुंद, ते काठीनं आखून दिलं आन् छकड्यात बसून गेलं. माती कसली, ते सांगायचं राहिलं. आन् केरबानं इचारलं न्हाय. कोल्हापूरच्या पैलवानाला मातीचं मैदान कर म्हटल्यावर त्यो आनि काय इचारणार?

केरबा उठला. स्वतः होऊन उठला, बरं का. कुदळ घेतली, जागा हातभर उकरली, ढेकळं फोडली, तांबडी माती आणून चाळली, चाळलेली परत चाळली. बनाबाई खिडकीतनं बघतीया, घाम निथळतोय, सदरा पाठीला चिकटलाय, आन् ह्यो गाणं गुणगुणतोय. घरातलं ताक नाहीसं व्हायला लागलं, तेलाची बरणी खाली गेली, हळद संपली, लिंबाच्या झाडावर लिंबू राहिना. तिला शंका आली का न्हाय? आली की. पर नवरा हलाय लागलाय म्हटल्यावर हळदीचा हिशेब कोण मागंल? गप बसली ती.

बाळासो आलं. हौसेनं चेंडू उचलला, पांढऱ्या फ्लानेलचा, असा वर फेकला आन् त्या खेळाची फळी असतीया, झाऱ्यागत, मधी तातीची जाळी वळलेली, तिनं हाणला. चेंडू गेला, मातीत पडला, आन् तितंच बसला. उडाला न्हाय, घरंगळला न्हाय, म्हशीगत बसून राहिला. दुसरा मारला, त्यो पहिल्याशेजारी बसला.

केरबा हात बांधून हुबा. म्हणाला, "कशी झालीया माती? ताक, तेल, हळद, लिंबू, समदं टाकलंय. लोण्यावाणी मऊ. सायेब, तुमी ह्यात कसंबी पडा, अंगाला लागायचं न्हाय."

बाळासो खाली बसलं. म्हणालं, "अरे पैलवान, पण ह्यात पडायचं कुणी नसतंच."

"मग हरल्यालं कळतंय कसं?"

पुण्याला शिकलेल्या माणसानं आदी चष्मा काढून पुसला. मग हळूहळू समजावून सांगितलं, की बाबा, चेंडू उडायला पायजे, जागा खळ्यागत टणक पायजे. खळं म्हटल्यावर बनाबाई फुडं झाली. गल्लीतल्या चार बायका गोळा केल्या, मऊ माती वरची काढली, पाणी मारलं, चोपण्या घेऊन चोप चोप चोपली, वरनं शेणानं सारवली. कडंला तुळस लावायची तेवढी राहिली. बाळासोंनी मधी आडवी जाळी बांधली. चेंडू टाकला तर असा उडाला की बाळासोंचा चष्मा पडला.

आता खेळायला समोर माणूस पायजे. गोऱ्या सायबांचा क्लब येगळा, तितं ह्येंना कोण बोलवणार? कचेरीतलं कारकून धोतर सावरत आलं आन् सावरतच गेलं. तवा बनाबाई बाळासोंफुडं जाऊन हुबी राहिली. "सायेब, आमच्या घरच्यास्नी घ्या की."

केरबा उसळला. "डोकं फिरलंय तुजं? मी हातात झारा घेऊन नाचू?"

"नाचा," बनाबाई म्हणाली. "मला कुंकू लावायचंय अजून." आन् आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबानं लंगोट कसला, वर चड्डी चढवली, मैदानाला हात लावून कपाळाला माती लावली, ती बी शेणाची, आन् शड्डू ठोकला. पलीकडच्या गल्लीतली कबुतरं उडाली. बाळासो घाबरून एक पाऊल मागं सरलं. केरबा तसाच चालत मधल्या जाळीपतोर गेला आन् सलामीला हात फुडं करून हुबा राहिला. बाळासो म्हणालं, "पैलवान, हात शेवटी मिळवायचा. आधी नाही." केरबा म्हणाला, "आन् पकडायचं कवा?" "पकडायचं नाही. अंगाला हात लावायचा नाही. तू त्या बाजूला, मी ह्या बाजूला."

केरबा जाळीकडं बघतोय, बाळासोंकडं बघतोय. मग म्हणाला, "म्हंजे सोवळ्यातली कुस्ती हाय ही."

आन् सुरू झालं. बाळासो चेंडू उजवीकडं टाकत्यात, केरबा निघतोय, त्यो पोचतोय तवर चेंडू कुंपणाला लागून परत निघालेला असतोय. डावीकडं टाकत्यात, तीच तऱ्हा. एक चेंडू पोटावर बसला, एक कानशिलावर. एक त्येच्या फळीला लागला, त्यो बंगल्यावरनं पलीकडं पाटलाच्या परड्यात. तालमीतली जुनी माणसं निवडुंगाच्या कुंपणावरनं बघायला आलेली, त्यात दस्तगीर वस्ताद, जिभंला हाड न्हाय. "केरबा," म्हणं, "घाणा काढ लवकर, भजी करपाय लागली." समदी हसली. काडीवाणी इंजनेरानं कोल्हापूरच्या पैलवानाला चीत केलेला, आन् अंगाला बोटबी न लावता. केरबानं फळी खाली ठिवली, घरात गेला, भिंतीकडं तोंड करून निजला.

निजला तो उठंना. आता दारातबी बसंना. जेवायला हाक मारली तर "भूक न्हाय." केरबाला भूक न्हाय, हे बनाबाईनं लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा ऐकलं, आन् ती भरलं ताट घेऊन तशीच उंबऱ्यात बसली. आपुनच ढकलला त्येला चारचौघांत, आपल्याच हातानं. "उठा की अवं, हसणाऱ्याचं दात दिसत्यात, दुसरं काय," ती म्हणायची. "दस्तगीरभावजींचं काय मनावर घ्यायचं?" पर ऐकतोय कोण? भिंत ऐकत व्हती.

मग एका सकाळी बाळासो सोता आलं. बिऱ्हाडाच्या खोलीत, शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसलं. बनाबाईनं घाईनं पदर घेतला, चहा टाकू का काय टाकू तिला सुचंना. बाळासो म्हणालं, "पैलवान, हसायला मीही होतो, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही तालमीत एकटे असलात तरी जोर काढता, बैठका मारता. माझ्या खेळात तसं नाही हो. एकट्यानं चेंडू मारला की तो जातो, परत येत नाही. गेले इतके दिवस मी मारतोय आणि मीच वेचून आणतोय. समोरच्या बाजूला कुणी उभं असल्याशिवाय हा खेळच नाही. उद्या सकाळी मी वाट बघतो." बास, एवढं बोललं, चहा बशीत वतून पिलं आन् गेलं.

केरबा भिंतीकडं तोंड करूनच व्हता. तसाच बनाबाईला म्हणाला, "गुडघा गेल्यावर मला कुणी म्हणालं न्हाय गं, वाट बघतो म्हणून."

बनाबाई चुलीफुडं बसलेली. तिला वाटलं व्हतं नवऱ्याचं दुखणं पोटात हाय, फार तर गुडघ्यात हाय. कुटं व्हतं बघा. मैदान गाजवलेला माणूस, आन् एका दिवसात कुणालाच नगो झालेला. हकिमानं नाडी बघितली, पर हे नाडीत सापडतंय व्हय?

दुसऱ्या दिवशी केरबा गेला. त्येच्या फुडल्या दिवशी गेला. आदी नुसता हरायचा, मग जरा झगडून हरायला लागला. शिकला. चेंडू कुटं पडणार ते समोरच्याच्या खांद्यावरनं वळखायचं, हे तर तालमीतलंच. गुडघ्याला पट्टा बांधायचा, आदी हळू, मग जरा जोरात, तर त्यो गुडघाबी सैल झाला, पायऱ्या कुरकुर न करता चढाय लागला. पोट उतरलं, मान परत दिसाय लागली. रात्री पडला की घोराय लागला, आन् बनाबाईला पहाटं नाकाफुडं हात धरायची गरज राहिली न्हाय, शेजारच्या गल्लीलाबी कळायचं माणूस जित्ता हाय. थंडाईचा पेला आपणहून अर्धा केला, म्हणाला, "भरल्या पोटी पळवत न्हाय." वर्षभर बायकू बोलली ते ऐकलं न्हाय, चेंडूचं ऐकलं. मोरीतल्या मुंग्या कुटं गेल्या कुणास ठावं. दस्तगीर वस्तादबी एकदा कुंपणावरनं बघून गेला आन् त्या दिवशी भज्याचं नाव काढलं न्हाय.

आन् स्वभाव. ह्ये बनाबाई मला दोनदा सांगायची. आदी केरबा हरला की तीन दिवस घरात भांडी शांत नसायची. आता हरून यायचा आन् भाकरी मोडता मोडता बोलायचा. "बने, कुस्तीत एकदा पाठ लागली की संपलं. समोरच्याला खांद्यावर घेत्यात, आपल्याकडं कुणी बघत न्हाय, ढोलबी त्येच्या मागनं जातोय. हितं तसं न्हाय. हितं चेंडू गेला तर गेला, लगीच दुसरा घ्यायचा. हरल्यालं पुसून टाकायला लगीच दुसरा मिळतोय. कुस्तीत हे असतं तर..." बनाबाईनं त्येच्या ताटात कालवण वाढलं.

आता तुमी म्हणाल, गोड झालं, उठा. कशानं गोड? बाळासोंची बदली झाली. धरणाच्या कामावर, लांब डोंगरात. बंगल्याला कुलूप, केरबा राखणीला. जाताना बाळासोंनी दोन्ही फळ्या आन् चेंडूंची पिशवी केरबाच्या हातात दिली, हात मिळवला, आन् छकडा निघाला. कोपऱ्यावर वळंपतोर दोघंबी एकमेकांकडं बघत व्हते.

सकाळ झाली. केरबा पट्टा बांधून मैदानात गेला. बनाबाई खिडकीतनं बघतीया. त्यानं एक चेंडू मारला. त्यो गेला, कुंपणाला लागला, तितंच थांबला. केरबा चालत जाऊन घेऊन आला. दुसरा मारला. परत चालत गेला. मग मधल्या जाळीपाशी जाऊन त्या रिकाम्या बाजूकडं बघत हुबा राहिला, आन् मग मैदानाच्या कडंला, दगडावर, बसला.

बसलेला केरबा तिला ठावं व्हता. हकिमाचं बोलणं कानात आलं. दस्तगीर वस्तादाला सांगावा धाडावा? त्यो येईल, आन् भज्याचं बोलून जाईल. कारकुनाला? त्येचं धोतर. कोण येणार रोज पहाटं उठून दुसऱ्याच्या नवऱ्याफुडं हुबं राहायला? तव्यावर भाकरी व्हती. तिनं ती उतरली. लाकडं मागं वढली. लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, पदर कमरंला खोचला, बांगड्या वर सारल्या, बाहेर आली, जमिनीवरची दुसरी फळी उचलली आन् जाळीच्या त्या बाजूला जाऊन हुबी राहिली.

केरबानं वर बघितलं. "ह्ये काय?"

"टाका."

"अगं, माणसं बघतील."

"बघू देत. गावाकडं शेतात पेरणीला वाकते तवा बघत न्हाईत व्हय? टाका म्हटलं ना."

त्यानं टाकला, हळूच, पोराकडं टाकावा तसा. बनाबाईनं भाकरी थापटायच्या हातानं असा हाणला, की केरबाला पळावं लागलं. पळाला की त्यो. आन् चेंडू परत टाकताना हसला, गुडघा गेल्यापासनं इतकं त्वांड भरून पहिल्यांदाच.

मग काय, रोजचंच झालं, आन् सकाळचं ऊन डोळ्यावर येतंय ती बाजू कायमची हिच्या वाट्याला. भाकरी करपायची, शेजारणी नावं ठेवायच्या, बनाबाईची पाठ आदी मोडली आन् मग कायमची बरी झाली, दळताना दम लागायचा त्यो लागंना. पर त्यो फायदा तिनं मागितला न्हवता, आन् पहाटंची झोप गेली ती गेलीच. "एक दिवस राहू द्या की," म्हणायची. पर ऐकतोय कोण? ह्यो पट्टा बांधून दारात.

वटपौर्णिमंला बायका वडाखाली जमल्या, हिचा पत्ता न्हाय. निम्म्यांचं फेऱ्या घालून झालं तवा ही आली, घामानं निथळत, कुंकू वघळलेलं, हातात दोऱ्याची गुंडी. झुंबरबाई, म्हंजे शेजारीण, फणकाऱ्यानं म्हणाली, "काय गं बने, आजच्या दिवशीबी उशीर? सावित्रीनं नवऱ्यापायी काय काय केलं, आन् तुला येळेवर यायला जमंना?"

बनाबाई वडाला टेकली. म्हणाली, "सावित्रीचं बरं व्हतं बाई. यम रेड्यावर बसून सावकाश चाललेला, हिला निस्तं मागनं बोलत चालायचं व्हतं. मला रोज चेंडूमागं पळायला लागतंय."

बायका हसल्या. हिनं दोरा गुंडाळला, फेऱ्या घातल्या, डोळं मिटून हात जोडले, आन् बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच येळ हुबी राहिली. झुंबरबाईला राहवंना. "एवढं काय मागितलंस वडाला?"

"काय मागणार? ह्योच नवरा दे म्हटलं, साती जन्म," बनाबाई म्हणाली. "फक्त फुडच्या जन्मी त्येला ऊन येतंय त्या बाजूला हुबा कर."